पहिली काच की दुसरी

— नाही नाही, मान नका हलवू, ताई, फ्रेम घसरते. जड आहे, ठाऊक आहे, पण आता थोडंच राहिलंय. उजवा डोळा झाकलाय ना? मग समोरची सगळ्यात खालची ओळ बघा. ही पहिली काच... आणि ही दुसरी. कुठली बरी? घाई नाही, पुन्हा दाखवतो. पहिली... दुसरी. दुसरी? छान. आणि मी फोनकडे सारखा बघतोय म्हणून रागावू नका हं, आज जरा घरचं प्रकरण आहे. म्हणजे काळजीचं नाही — पोरीचं. नाव चांगलं भारदस्त ठेवलंय, पण घरात सगळे चिमणीच म्हणतात. शिकते काय, तर हेच, डोळे तपासायचं, पण कॉलेजात, रीतसर. तिसरं वर्ष संपत आलंय आणि आता म्हणे मधे एक वर्ष बाहेर जाऊन काम करता येतं, मग परत येऊन शेवटचं वर्ष. तिला जागाही मिळालीय — लांबच्या शहरात, लहान मुलांच्या डोळ्यांचं हॉस्पिटल. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, बाळा, निर्णय सर्वस्वी तुझा, मी मधे एक शब्द बोलणार नाही. आणि नाहीच बोललो. म्हणजे — मैत्रिणी पुढे निघून जातील, शेवटच्या वर्षाला तू अनोळखी पोरांत एकटी बसशील, एवढं म्हटलं. ते तर खरंच आहे ना? आणि आमच्या काचा पुरवणाऱ्याच्या मुलाचं सांगितलं, त्याचं असंच एक वर्ष मधे गेलं आणि मग अभ्यासातलं मनच उडालं. तो आधीपासूनच नापास होत होता, तेवढं सांगायचं राहिलं. — डोळा बारीक करू नका, ताई, बारीक करून सगळ्यांनाच दिसतं.

आतली खोली बघितलीत का येताना? डावीकडची. नवा रंग दिलाय, नवी खुर्ची आणलीय, गोल फिरणारी. सहज. दुकानाला जरा बरं दिसतं. खुर्ची थोडी बुटकी आहे, माझे गुडघे वर येतात — चिमणीला मात्र बरोबर होते, आता तो योगायोग. आणि ते दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांना मी म्हटलं असेल, की पुढच्या वर्षी कॉलेज संपलं की मुलगीच तपासेल तुमचे डोळे. बोलण्याच्या ओघात जातं माणसाच्या तोंडून. त्यातल्याच एक बाई बाजारात तिला भेटल्या आणि अभिनंदन करून मोकळ्या झाल्या, त्याला मी काय करणार?

आता उजवा. हां. पहिली... दुसरी. बघा, दोन्ही मी कसं एकाच सुरात म्हणतो? आमच्या धंद्यातली खरी गोम हीच आहे. सूर जरा चढला, की माणूस आपल्याला हवं तेच सांगून मोकळा होतो. भिडस्त असतात हो लोक. मग चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन जातात आणि डोकं धरून परत येतात. चिमणी शाळेत असल्यापासून त्या स्टुलावर बसून हे ऐकत आलीय, मीच शिकवलं तिला. तर परवा जेवताना मी आपलं सहज विचारलं, मग काय, तिकडे जाणार... की आपल्या दुकानात येणार? तर हसली. म्हणते, बाबा, दुसऱ्या काचेला तुमचा सूर चढला. तिच्या आईला हसता हसता ठसका लागला. मीही हसलो. पण झोंबलं जरा.

आणि आज सकाळी चहा पिता पिता सरळ म्हणाली, नाही जात मी, बाबा. अगदी शांतपणे. मी म्हटलं, बघ बुवा, तुझा निर्णय. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? शीळ घालत दुकान उघडलं. मग सगळं झालंच की, आता फोनकडे कशाला बघायचं, असंच ना? सांगतो. त्या हॉस्पिटलात, ताई, बोलताही न येणाऱ्या बाळांचे डोळे तपासतात. त्यांना पहिली की दुसरी कसं विचारणार? तर विचारतच नाहीत. दोन पुठ्ठे समोर धरायचे — एक नुसता करडा, एकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. दिसत असलं की बाळ पट्ट्यांकडे बघतं. तेच त्याचं उत्तर. चिमणीने घरीच पुठ्ठे कापले, पट्ट्या रंगवल्या आणि शेजारणीच्या तान्ह्यावर करून बघितलं. बाळाचे डोळे पट्ट्यांकडे वळले तशी ही एवढी खूश झाली, की जेवायची विसरली. तो पट्ट्यांचा पुठ्ठा अजून आमच्या फ्रिजला टेकून उभा आहे. आणि सकाळी नाही जात म्हणाली ना, तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. पुठ्ठ्याकडे बघत होती.

जाऊ द्या. पहिली... दुसरी. काय म्हणालात? मला योग्य वाटेल ती? असं नसतं हो, ताई. मला वाटून काय उपयोग, घालायचा तुम्हाला आहे, आयुष्य तुम्हाला —

एक मिनिट हं. फ्रेम राहू द्या नाकावर.

हॅलो, चिमणे. कळवलंस का त्यांना? नाही ना? बरं झालं. जेवलीस का? — नाही, ते विचारायला नाही केला फोन. ऐक. एकदाच विचारतो. पहिलं, जायचं. दुसरं, नाही जायचं. — हो, एकाच सुरात म्हणतोय. नीट म्हणतोय. बाबांचं सोड, तुला कुठलं स्पष्ट दिसतंय तेवढं सांग. घाई नाही, पुन्हा म्हणतो. पहिलं, जा —

ठेवला.

दुसरं म्हणूच दिलं नाही तिने मला.

चांगलं आहे. चांगलंच आहे, वर्ष काय, जातं. त्या खुर्चीवर तोवर गिऱ्हाइकं बसतील. हां, तर तुमचा डोळा. खालची ओळ वाचा. — बरोबर वाचलंत का? मला काय विचारता, ताई? असं करा, ती फ्रेम द्या इकडे आणि उद्या या. आज मला ती ओळ दिसत नाहीये.