शारजात पोचलेली फाटकी बातमी

शारजाला नवरा-पोरांसोबत राहणाऱ्या माझ्या बहिणीनं, सुमननं, मला एकदा असं पकडलं की काही विचारू नका. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. वर्षअखेरीला आईनं तिला डिंकाचे लाडू पाठवले, मी बातमीदार होतो त्याच पेपरात गुंडाळून. एकतीस डिसेंबरला शेजाऱ्यांकडं तिचा फोन आला.

“दादा, आई कुठंय? खरं सांग!”

“घरीच आहे. का गं?”

“पोरं केक कापायला थांबलीत, अन् मी हा कागद घेऊन बसलेय. लाडवाच्या कागदावर लिहिलंय, आपल्या भागात कर्फ्यू, घर जाळलं, आत म्हातारी... पुढं कागद फाटलाय. वर नाव तुझंच!”

“अगं, महिन्यापूर्वीची बातमी ती!”

“मग आईला दे!”

आई धापा टाकत आली. “लाडू फुटले नाहीत ना गं?”

पलीकडं सुमन ओक्साबोक्शी रडली. मग म्हणाली, “दादाला दे. दादा, ती म्हातारी कोण होती? वाचली का?”

साऱ्या शहराला जाब विचारणारा मी. बातमी छापून आल्यावर त्या जळालेल्या घराकडं फिरकलोच नव्हतो.

“उद्या जाऊन बघतो,” मी म्हणालो.

“उद्या? महिना झाला ना दादा?”