देवाच्या पायाचा रुमाल

ऑकलंडच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर आमच्याच मनिलाकडच्या दोघी बसल्या होत्या. वृद्धाश्रमात कामाला असाव्यात.

"रोवेनाताई, माझा पिवळा रुमाल मशीनमध्ये का टाकलास गं?"

"केवढा कळकट झाला होता."

"अगं, आईनं तो काळ्या येशूच्या मूर्तीच्या पायांवरून फिरवून पाठवला होता. उद्या माझी नर्सिंगची परीक्षा आहे."

"मग काय, साबणानं देव निघून गेला?"

"तेच विचारतेय. जातो का?"

"मला काय विचारतेस, दिविना? मी चर्चची पायरी तरी चढते का? फादरना विचार."

"विचारलं. ते नुसते हसले. म्हणाले, त्याच पाण्यात आणखी काय काय धुतलंत?"

"माझा युनिफॉर्म होता. बाकी काही नाही."

"हाच, अंगातला?"

"हो."

"पण आज तर तुझी सुट्टी आहे ना, ताई?"

बस सिग्नलला थांबली, पुन्हा सुटली.

"तिकडे मनिलात माझ्या बाबांना आत्ता ऑपरेशनला आत नेलंय. तू जरा गप्प बस."