बावाच्या चाकातला धोटा

गॅरेजमधलं पोरगं बोलायला बसलंय म्हंजे आता बापाची दारू, आईचे हाल, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, असलं कायतरी येणार म्हणून तुमी रुमाल काढून बसला असाल, तर ठेवा खिशात. माझा बाप दारू पीत न्हाय, च्या सुदीक बशीत फुंकून फुंकून पितो. आन् अभ्यास मी दिव्याखाली केला न्हाय, उनात बी केला न्हाय. मला सांगायचंय मोटरसायकलच्या मागल्या चाकातल्या रबराबद्दल. हसा. समदे हसत्यात. मला मातर राग येतोय, लई राग येतोय, आन् त्यो कशाचा ते सांगतो, तुमी लिवून घ्या, फकस्त माझं बोलणं शुद्ध करत बसू नका.

माझं नाव नागेश, गल्लीत नाग्या. आमी विणकर, घरात तेलुगू, दाराभाईर मराठी, आन् गॅरेजात वस्तादासंगं ऱ्हाऊन निम्मी कन्नड, म्हंजे मला तीन तोंडं. शाळेत हेडमास्तरची नक्कल करायचो तर पोरं खरंच उभी ऱ्हायची. मास्तर एकदा म्हणले, नाग्या, तू तुझ्या आवाजात कधी बोलतोस का बे? मी त्यांच्याच आवाजात म्हणलं, न्हाय गुर्जी. छडी बसली. आजोबा हातमागावर, बाप यंत्रमागावर, माझ्यापत्तूर यायच्या आत घरचा माग भंगारात गेला, मग मी भवानी पेठेत मल्लू वस्तादाच्या गॅरेजला लागलो. तितं ही नक्कल कामाला आली बगा. गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय गाडी आवाज करायलीय. कसला आवाज? ते काय सांगता येत न्हाय त्याला. मग वस्ताद म्हणतो, नाग्या, काढ. मी तोंडानं काढून दावतो, टिक् टिक् का? न्हाय. घर्र घर्र का? न्हाय. रेस सोडली, परत दिली, की खट्ट? व्हय व्हय, त्योच! झालं, मागचं रबर गेलं.

आता हे रबर म्हंजे काय, काय सांगू तुमाला. डोक्यावर घागर घेताना बायका खाली चुंबळ ठेवत्यात की न्हाय? तशी ही चाकाची चुंबळ. चेन वडती मागच्या चक्रीला, चक्री वडती चाकाला, आन् त्या दोघांच्या मधी रबराचे तुकडे बसवल्याले असत्यात. इंजिनानं हिसका दिला की त्यो आदी रबर खातंय, मग चाकाला जातोय. रबर नसलं की हिसका सरळ चेनीला, गियरला, चालवणाऱ्याच्या कमरंला. एवढंच हाय. पन लोड गाडीवर रबर टिकत न्हाय, पिचतंय, मग गिऱ्हाईक बोंबलतंय की परवाच तर टाकलं. म्हणून आमच्या गल्लीत येक रीत पडली. रबर टाकायचंच न्हाय. त्याच्या जागी लाकूड. आन् लाकूड तरी कशाचं? धोट्याचं. मागावर ह्या टोकापास्नं त्या टोकाला सूत घिऊन पळतोय त्यो लाकडी धोटा, लई चिवट, दगडासारखा. सोलापुरात माग बंद पडलेली घरं किती, धोटे कोपऱ्यात पडलेले किती. वस्ताद ते गोळा करायचा, कापायचा, हातोड्यानं चाकात ठोकायचा, आन् म्हणायचा, जा आता, मरंपत्तूर खट्ट होणार न्हाय. खरं बी हाय, लाकूड हलत न्हाय, खट्ट होत न्हाय. पन हिसका जातोय कुटं? मी इचारलं होतं की. तर म्हणला, तू आवाज काढ, डोकं चालवू नगंस.

आमचा बावा, म्हंजे अक्काचा नवरा, तुमच्यात दाजी म्हणत्यात, त्यो टॉवेलचे गठ्ठे पोचवतो मोटरसायकलवर. मागं येवढा ढीग बांधतोय की पुढनं बगितलं तर गठ्ठाच गाडी चालवायलाय असं वाटतंय. मी अक्कलकोटला लग्नाला गेलतो तवा ह्यानं गाडी वस्तादाकडं नेली, आन् वस्तादानं धोटा ठोकला. मला दोघांनी बी सांगितलं न्हाय. मग येक दिवस पुलाच्या चढावर, गाडी भरल्याली, पुढं टेम्पो थांबला म्हणून हा थांबला, परत निघाला, क्लच सोडला आन् चेन तुटली. गाडी मागं घरंगळली, गठ्ठ्यासकट आडवी झाली ती बावाच्या पायावर. नडगीचे दोन तुकडे.

आन् बगायला येणारे काय म्हणत्यात? नशीब. पायावरच निभावलं, वरच्याची मर्जी. ज्यो येतोय त्यो बिस्किटाचा पुडा ठेवतोय आन् नशीब म्हणतोय. माझं डोकंच सटकलं. म्हणलं वरच्यानं काय खाली येऊन चेन तोडली व्हय? चुलत्यानं डोळे वटारले. अक्का सगळे गेल्यावर बोलली. म्हणली, नाग्या, ती गाडी भंगारात घाल. बावा खाटंवरनं वरडला, गाडी गेली तर मी काय विकू, पाय विकू? दोघं भांडायले, मला बगवंना, म्हणलं अक्का, मी नीट करतो. ती म्हणली, कर, मग गठ्ठे बांधून, मी मागं बसून, त्याच पुलावरनं जाणार, आन् येकदा जरी खट्ट झालं तर तितनंच भंगारवाल्याकडं.

चाक उघडलं तर लाकूड. येका तुकड्यावर हळदकुंकवाचा डाग. आमच्यात खंडेनवमीला धोटा पुजत्यात. आईशप्पथ, कुणाच्या तरी देवघरातला धोटा, ज्यानं येक घर खाऊ घातलं, त्यो हितं बावाचा पाय मोडायला बसवलाय.

नवीन रबरं आणली. पन नवं रबर लई घट्ट, खोबणीत जाता जाईना, राग तर इतका की थांबायला येळ न्हाय, इंजिनचं तेल चोपडलं, सर्रकन बसली. आन् मग चाक आन् ते लाकडाचे तुकडे घिऊन गॅरेजसमोरच्या च्याच्या टपरीवर उभा ऱ्हायलो आन् वस्ताद झालो. पोट पुढं काढलं, धोतराचा सोगा धरल्यावानी केलं, एय, बा इल्ली, हिकडं ये, चाक आण, धोटा आण, ठोक, जा आता, मरंपत्तूर खट्ट होणार न्हाय. आन् मग चेन झालो, कडाड्. मग बावा झालो, अय्यो. टपरी हसून हसून आडवी. दोघं तिघं लोडवाले मातर हसले न्हाईत, आपापल्या मागल्या चाकाकडं बगायले.

आज बावा जरा लंगडत का हुईना गाडीवर हाय. अक्का पुलावरनं जाऊन आली, गठ्ठ्याला मिठी मारून, डोळे मिटून. खट्ट झालं न्हाय. ती खाली उतरून मागच्या चाकाच्या पाया पडली. आता गोड झालं म्हणून तुमी उठू नका, त्याच्या आदी टपरीवर खाल्लेल्या शिव्या ऱ्हायल्यात की.

त्या दिवशी टपरीवर वस्ताद मागंच उभा होता. समदी हसायची थांबली तवा मला कळलं. मला वाटलं कानाखाली बसंल. त्यानं माझ्याकडं बगितलंच न्हाय, चाक वडून घेतलं, खोबणीत बोट घातलं, वास घेतला. मग सुरू झाला. तेल? रबराला तेल लावलंस व्हय बे? तेलानं रबर फुगतंय, सडतंय, लोण्यागत हुतंय, चार पावसाळं न्हाय, ही दिवाळी काढणार न्हाय ते, मग परत खट्ट, आन् मग अक्काला काय सांगशील, कुणाच्या आवाजात सांगशील? व्हय, मी लाकूड मारलं. तुझा बावा हितं बसून म्हणला, रोज रोज नाटकं नगंत, ठोक, म्हणून ठोकलं. मी म्हणलं, तुमी न्हाय म्हणायचं होतं.   वस्ताद दुप्पट वरडला, व्हय, म्हणायचं होतं, पन ते तू मला आत येऊन सांगायचं, टपरीवर पोट काढून न्हाय, आन् माझं पोट तेवढं हाय का बे? काढ ती रबरं. नवीन आण. तेलाचा थेंब दिसला तर हात तोडीन. साबणाच्या पाण्यानं बसवत्यात ती, साबणाच्या. आन् गॅरेजमधनं साबणाची वडी आणून माझ्या अंगावर फेकली, म्हणला, हे घे, रबर बसवून झालं की उरल्याल्या साबणानं तोंड धू, तिन्ही बी.