एका बदलाला एक ओळ

...आणि वर आमचे श्यामसुंदर सर म्हणतात, "अरे यार, रिलीज नोटच लिहायचीय ना, कादंबरी नाही! वाचतं कोण?" आता तुम्हीच सांगा, मरोळच्या ऑफिसात बसून मी दिवसभर लिहितो काय, तर आमच्या डेटाबेसच्या नव्या व्हर्जनमध्ये काय काय बदललं ते! आणि ते वाचतं कोण? तुम्ही फोन अपडेट करताना वाचता? नाही ना? खाली सरकवता, अंगठा दाबता, मोकळे! मग!

यावेळी माझ्या वाट्याला आलं पॉलिमॉर्फिक फंक्शन. घाबरू नका, मीही आधी घाबरलोच होतो. बायकोला, क्षमाला सांगायला गेलो तर ती म्हणते, "म्हणजे फोडणी रे! वरणावर घातली तर वरण, पोह्यांवर घातली तर पोहे. फोडणी एकच!" झकास! तस्संच! आमचं फंक्शन यादीच्या शेवटी एक नग जोडतं, मग यादी आकड्यांची द्या, नावांची द्या, तारखांची द्या. फक्त लहान आकड्यांच्या यादीत मोठा आकडा घातला की रुसायचं, आता तेही चालवून घेतं. पण एक मेख आहे ना! जुन्या फंक्शनवर कुणी स्वतःचं एखादं फंक्शन बांधलं असेल तर ते आधी डेटाबेसमधून उतरवायचं, मग अपग्रेड, मग पुन्हा चढवायचं. नाहीतर अपग्रेड मध्येच अडकणार! मी व्यवस्थित तीन ओळी लिहिल्या हो. पण आमच्याकडे रीत काय, तर एका बदलाला एक ओळ. सरांनी पहिली ठेवली, 'आता लहानमोठे आकडे एकत्र चालतात', बाकीच्या दोन उडवल्या. म्हटलं, सर, ती मेख... "अरे, वाचतं कोण?"

मसुदा ग्राहकांना गेला आणि दुसऱ्याच दिवशी फोन! "नमस्कार, मी पद्मजा, मुलुंडच्या रक्तपेढीतून, डेटाबेस मी सांभाळते. तुमची नोट वाचली." मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो! वाचली? "एकत्र चालतात म्हणजे फंक्शनचा साचाच बदललात ना? कुठल्या पेशंटला कुठली पिशवी, ती आमची सगळी जुळवाजुळव ह्याच्यावर बांधलीय हो. रविवारी अपग्रेड आहे. त्या बांधलेल्याचं काय करायचं, ते कुठे लिहिलंय?"

तुम्हाला सांगतो, रविवारी तिथला कॉम्प्युटर अर्ध्यात लटकला असता आणि बाहेर कुणाचा तरी माणूस पिशवीसाठी ताटकळत... नकोच ते! मी फोन तसाच सरांच्या कानाला लावला. सर नुसते, "हो ताई... बरोबर ताई... हो हो ताई..." मग माझ्याकडे बघून, "त्या दोन ओळी टाक रे परत. ठळक टाक!"

रविवारी ताईंनी आधी उतरवलं, अपग्रेड केलं, पुन्हा चढवलं. दुपारी मेसेज, 'झालं. एकही पिशवी अडली नाही.' डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! देव भलं करो त्या बाईचं! इतकी वर्षं लिहितोय, कुणीतरी वाचलं! क्षमा म्हणाली, अरे, नुसता थँक्यू काय पाठवतोस, काजूकतली घेऊन जा. गेलो मुलुंडला. ताईंनी एक तुकडा खाल्ला, मला चहा पाजला, आणि समोर काय ठेवलं? आमच्या सगळ्या जुन्या रिलीज नोट्स! छापून! लाल पेनाने खुणा करून! "बसा ना, घाई नाही ना तुम्हाला? पहिल्या पानापासूनच शंका आहेत."

चहा गार झाला, काजूकतली संपली, आम्ही अजून दुसऱ्या पानावर... वाचतं कोण म्हणायची सोयच उरली नाही हो. आता नीट लिहावं लागतं!