आसिफच्या नावाची किल्ली

हाव हाव, येईल न सर, येईलच आता — बसा तुम्ही, उठू नका. समोरच्याच बिल्डिंगीत क्लास हाय त्याचा, हे काय, खिडकीतून फ्लेक्स दिसतो बघा, हाताची घडी घालून उभा हाय — 'आसिफ सर, फिजिक्स'. एवढी बॅच सुटली की आलाच. फोन? फोन बंद ठेवावा लागतो वो क्लासमधी. तुम्ही हैदराबादहून एवढ्या लांब लातूरला आलात, गुरुपादप्पा सर, आन् तुम्हाला असंच माघारी धाडीन का मी? बहीण हाय त्याची मी, सादिया. चहा घ्या. खाली ठोकाठोकी चालू हाय ती अब्बांची — पत्र्याच्या पेट्या बनवतात. क्लाससाठी गावोगावची पोरं येतात, हॉस्टेलला पेटी लागतीच, जूनमधी तर जेवायला फुरसत नसती. भूकंपानंतर किल्लारीकडं शेडचे पत्रे कापायला गेले होते अब्बा, तवापासून एक खोड लागलीय — प्रत्येक पेटीवर सोता उभं राहून बघतात. दबली तर विकत न्हाईत. गिऱ्हाईक किती बी घाई करू दे.

मला काय कळतं त्यातलं? थोडं थोडं. आसिफ सांगत असतो न. म्हणजे कसं — कुणीतरी शास्त्रज्ञ जनुकं वाचायचा प्रोग्राम लिहितो, फुकट देतो, पण असा पसरून ठेवतो की दुसऱ्याच्या मशीनवर चालतच न्हाई — हे सापडत न्हाई, ते जुनं झालं. मग तुमच्यासारखी माणसं, आसिफसारखी, ते सगळं गोळा करतात, तपासतात, आन् पेटीत भरल्यासारखं बांधून ठेवतात तुमच्या त्या फुकटच्या लिनक्समधी — कुणी बी एक ओळ टाइप करायची की झालं. धर्माबादची एक पोरगी हाय, तनुजा. तिनं मेल केला होता — कॉलेजच्या जुनाट कम्प्युटरवर तुरीच्या मर रोगाचं काम तिनं आसिफनं बांधलेल्या पेटीवरच केलं. 'आसिफदादा, तुमच्यामुळं झालं' म्हणून लिहिलं. लई चांगलं वाटलं. म्हणजे — आसिफला वाटलं.

न्हाई, घड्याळ नका बघू सर. गाडी हाय तुमची, मला ठावं हाय. आन् हे बी ठावं हाय की तुम्ही हे काम सोडून राहिलात. आजवर आसिफनं बांधलेलं तुम्ही तपासून पुढं चढवत होता. आता त्याला त्याच्याच किल्लीनं चढवावं लागणार — कम्प्युटरमधली किल्ली, हाव, चढवणारा कोण ते पटवणारी — आन् त्या किल्लीवर तुमची सही पाहिजे. तुमच्यात रीतच तशी न, माणूस समोर बसवायचं, सरकारी कार्ड बघायचं, चेहरा ताडायचा, मगच सही. फोनवर न्हाई, ओळखीवर न्हाई. चांगली रीत हाय, मी कुठं न्हाई म्हणते? पण लिनक्सच्या नव्या आवृत्तीचं दार ह्याच आठवड्यात बंद होणार. सही न्हाई तर ती पेटी बाहेर. तिचे मूळ मालक, आतला प्रोग्राम लिहिणारे ते बेल्जियमचे म्हातारे प्रोफेसर, त्यांनी कवाच हात झटकले. दुसरं कुणी न्हाई वो तिला. म्हणून म्हणते, पाच मिनटं बसा.

काय? ती उलट्या मशीनची भानगड? कशी सुचली? — अहो, लई सोपं होतं ते! सगळीकडं चाचणी पास, आन् एका जातीच्या मोठ्या मशीनवरच नापास, आकडे येडेवाकडे. तुम्ही सगळे म्हणत होता, प्रोग्राम चुकला. प्रोग्राम कुठला चुकतोय, मशीनच आकडा दुसऱ्या टोकाकडून वाचून राहिली! आता माझंच बघा, अम्मीजवळ मी उर्दू शिकले उजवीकडून, शाळेत मराठी डावीकडून — लहानपणी एकाच पाटीवर दोन्ही लिहायची, आन् मधी येऊन अक्षरं धडकायची. तेच आठवलं बघा मला. स्क्रीनवर नापासाच्या त्या लाल ओळी बघता बघता मी जी उठले खुर्चीवरून —

आसिफला? न्हाई. त्याला उर्दू न्हाई येत. तो पहिल्यापासून इंग्लिश मीडियमला.

चहा निवला का सर? दुसरा आणू?

असं नका बघू. हाव. मीच. सुरुवात त्यानंच केली, खोटं कशाला सांगू — खातं त्याचं, किल्ली त्याची, लॅपटॉप त्याचा. मग क्लासची नोकरी लागली. म्हणला, आपा, पोरांच्या परीक्षा होईस्तोवर तू सांभाळ. परीक्षा झाल्या, त्याचा फोटो फ्लेक्सवर चढला, तो काही ह्या खुर्चीत परत बसला न्हाई. मी करून राहिले. तुमचा मेल यायचा, 'शाबास आसिफ' — मी हिथं खूश व्हायची. तुम्ही रागवायचे, 'आसिफ, हा निष्काळजीपणा हाय' — मी हिथंच रडायची. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू, म्हणता म्हणता हरेक पेटीवर त्याचं नाव लागत गेलं, आन् मला सांगायचं तोंडच उरलं न्हाई. अब्बा म्हणतात, पेटीवर नाव नेणाऱ्या पोराचं टाकायचं असतं, बनवणाऱ्याचं न्हाई. म्हणलं चला, आपलं बी तसंच. पण न्हाई वो ऐकत जीव! बघायला येतात पाहुणे, विचारतात पोरगी काय करती — अम्मी म्हणती, काही न्हाई, घरीच असती. घरीच असती! ते ऐकलं की वाटतं, लॅपटॉप उचलावा आन् त्यांच्या पुढ्यात आपटावा.

न्हाई सर, पिशवी नका उचलू. हात जोडते. फसवलं मी तुम्हाला, मान्य हाय, पण त्या पेटीनं कुणाला फसवलं न्हाई, एकदा बी दबली न्हाई ती — आला! आला बघा! आसिफ, ये, दम नंतर खा, कार्ड काढ आधी. हे घ्या सर. नाव जुळतं, फोटो जुळतो, किल्लीवर बी हेच नाव हाय, तुमच्या रीतीत सगळं बसतं. मी बोलले ते इसरून जा. मी काही बोललेच न्हाई. करा सही. माझं जाऊ द्या, ती पेटी तरी आत राहू द्या — तनुजासारख्या पोरींनी जावं कुठं?

सांग न आसिफ, सर काय विचारून राहिले तुला. ती मशीन का नापास होत होती — कालच सांगितलं होतं न तुला मी, जेवताना — दोनदा सांगितलं. माझ्याकडं काय बघतोस? त्यांच्याकडं बघ. सांग.

राहू दे. ठेव ते कार्ड खिशात. तुझी पुढची बॅच बसली आसंल. राग न्हाई रे, जा. जा म्हणते न.

हे माझं कार्ड, सर. सही नका करू. ह्या नावाची किल्ली न्हाई, मला ठावं हाय. पेटी गेली, ते बी ठावं हाय. नुसतं नाव वाचा. मनात न्हाई, मोठ्यानं — खाली अब्बांची हातोडी थांबलीय आत्ता. वाचा.