राखीच्या नावाचं तोरण

रूपसिंग: मी तोरण नको म्हणून नाही राह्यलो, राखी. मांगं जे नाव घातलं ना तू, तेवढं उसव. चार टाक्याचं काम हाय.

राखी: चार नाही काका. चौतीस टाके हायेत. मीच घातले, मले ठाऊक हाय.

रूपसिंग: चौतीस तं चौतीस. परवापासून पाहुणे येतीन. बुधवारी पोरीचं लग्न. कोनी तोरण पलटवून पाह्यलं अन् ‘राखी’ वाचलं तं?

राखी: तं त्याले समजन का तोरण राखीनं केलं.

रूपसिंग: तेच तं नाही समजू द्याचं! भाभी, तुम्ही सांगा वो हिले. सून हाय तुमची.

जमनी: मंग बोलू. तू अदुगर बस. उभ्यानं बोलला का तुह्या आवाज चढते.

रूपसिंग: बसाले जागा कुठे हाय? जिकडे पाहा तिकडे लोकर, कवड्या, आरसे. अन् हे काय? हा माह्या ट्रॅक्टरचा फुटका दिवा नाही का?

राखी: हाव. तुम्ही उकिरड्यात फेकला, मी उचलला. त्यात रंगीत काच बसवली, आता यवतमाळच्या एका मॅडमच्या बैठकीत लागणार हाय. काका, गोष्ट नोका फिरवू. तुम्हाले पाठवलं कोनं? रंजितानं?

रूपसिंग: रंजिता कायले पाठवन? तिनंच तं तुले तोरण सांगतलं होतं. कानातलेही तुह्याच हातचे घालतो म्हणते, ते पऱ्हाटीच्या, कापसाच्या बोंडाचे.

राखी: मंग देवसिंगकाकानं.

रूपसिंग: ...दादा तांड्याचा नायक हाय. आज सकाळीच म्हणे, ‘बिननवऱ्याच्या बाईनं ओवलेलं तोरण भतीजीच्या दारावर लागलं, तं मी मंडपात पाय ठेवत नाही.’ मोठा भाऊ हाय तो माह्या. मी काय करू?

राखी: बबलूले जाऊन दोन वर्सं झाले काका. दारव्हा रोडवर ट्रकनं उडवलं त्याले. माह्या सुईनं नाही मारलं.

जमनी: राखी.

राखी: नाही याडी, बोलू द्या. सुईले नवरा लागते का? कवडीले लागते? देवसिंगकाकाच्या सुनेनं दिवाळीले माह्याजवळून आरसा नेला, जुन्या चाळणीत बसवलेला. रोज त्याच्यात तोंड पाहून कुंकू लावते ते. ते चालते त्याइले?

रूपसिंग: घरातली गोष्ट वेगळी. लग्नाची वेगळी.

राखी: कशी काय वेगळी?

रूपसिंग: आता मले तुह्यासारखं बोलता येत नाही बाप्पा. मी मानतो असंही नाही. पण तांडा मानते. उद्या पोरीच्या संसारात खरंच काही कमीजास्त झालं, तं लोकं तुह्यंच नाव घेतीन. तुह्याच भल्याचं सांगून राह्यलो.

राखी: भल्याचं?

रूपसिंग: हाव. हे पाह्य, मी रस्ता काढून आणला. तुह्यं नाव उसव अन् तिथं बेबीताईचं घाल. सवाष्ण हाय, तीन लेकरं हायेत. तिच्या नवऱ्याशी बोललो मी. दादाही गप बसते, रंजिताचीही हौस होते, अन् काम तुह्यं हाय हे तुले ठाऊक, मले ठाऊक. झालं!

राखी: बेबीताईले ठाऊक हाय का, तिच्या नवऱ्यानं तिचं नाव देऊन टाकलं?

रूपसिंग: तिले काय विचाराचं त्यात?

राखी: काका, बेबीताईले सुईत धागा घालनं मी शिकवलं. ते अन् आनखीन चार जणी रोज दुपारी इथं येऊन बसते. कोनी चावीचे गोंडे करते, कोनी भिंतीवरचे मोर. ज्यानं जे केलं त्याच्यावर त्याचं नाव. हा नियम मी घातला. आज मीच माह्यं नाव उसवलं, तं उद्या त्या पाच जणीइनं कोनाच्या तोंडाकडे पाह्याचं?

रूपसिंग: एका लग्नापुरतं!

राखी: एकाच लग्नापुरतं कोनतीच गोष्ट नसते.

जमनी: राखी, उसवून दे वो. धागा हाय, दुसरीकडे घालता येते. रंजिता तुही मैत्रीण हाय. तिच्या लग्नात तमाशा नको.

राखी: तुम्हीही?

जमनी: मी काय आज म्हणून राह्यली का हे? तुले तरी घरात बसून काम करू देते लोकं. त्यातच समाधान मान.

रूपसिंग: पाह्य. भाभी समजदार हायेत. पहिलेच्या बायका अशाच होत्या. माह्या याडीचंच, मायचंच पाह्य. माह्या लग्नात खांद्यावर सुपारीची थैली होती, नवरदेवाची. सव्वाशे कवड्या! बसंतीबाईनं, माह्या याडीनं, सवाष्ण हातानं एकएक ओवली. पाहुणे थैली हातोहात पाहत होते. चोवीस वर्सं झाले, एक कवडी नाही निखळली. माह्या घरात आज जे काही हाय ते त्या हाताच्या पुण्याईनं. म्हणून म्हणतो, लग्नाच्या वस्तूले हात पाहावा लागते.

जमनी: कोनी ओवली म्हणतं?

रूपसिंग: याडीनं. सगळ्या तांड्याले ठाऊक हाय.

जमनी: बसंतीबाईले बटन लावता येत नव्हतं रे.

रूपसिंग: काय?

जमनी: तुह्या शाळेच्या शर्टाचे बटन माह्याकडून लावून नेत होती. इसरला? हातात शर्ट घेऊन तूच येत होता.

रूपसिंग: भाभी, काहीही काय बोलून राह्यल्या...

जमनी: थैली हाय ना अजून घरी?

रूपसिंग: पेटीत हाय. जपून ठेवली.

जमनी: आतून कशी हाय?

रूपसिंग: आतून... अस्तर हाय. निळ्या चौकड्याचं.

जमनी: निळ्या चौकड्याचं शर्ट कोन घालत होतं?

राखी: काका? काय झालं?

रूपसिंग: दादा. म्हणजे... चुलतदादा, बबलूचा बाप. दिग्रसच्या बाजारातून घेतलं होतं. मी होतो संगं. मलेही तसंच पाह्यजे म्हणून रडलो होतो मी.

जमनी: मंग. तुह्या लग्नाच्या वक्ती त्याले जाऊन तीन वर्सं झाले होते. बबलू सहा वर्साचा. माह्या हातातला चूडो उतरवला होता, केसातल्या घुगऱ्या काढल्या होत्या, लग्नाच्या दारात उभं राहनं बंद केलं होतं. अन् तुही याडी मांगच्या दारानं आली. म्हणे, जमनी, तुह्यासारखा हात तांड्यात कोनाचा नाही, माह्या लेकाची थैली तूच कर. फक्त तोंडातून काढू नोको.

रूपसिंग: याडीले ठाऊक होतं? तरी तिनं...

जमनी: तिले थैली चांगली पाह्यजे होती. मले काम पाह्यजे होतं. हात शिवशिवत होते रे माह्ये, तीन वर्सं नुसतेच पऱ्हाटी वेचत होते. दीड महिना केली. अस्तराले कापड कमी पडलं तं शर्ट कापलं. म्हटलं, आपण नाही जाऊ शकत मंडपात, हा तरी जाईन.

राखी: याडी... मले कधी सांगतलं नाही तुम्ही.

जमनी: कोनालेच नाही. लग्नाच्या दिवशी मी मांगच्या खोलीत पोळ्याइचं पीठ मळत होती. बाहेर बसंतीबाईची वाहवा चालू होती. मले आयकू येत होती.

रूपसिंग: ...थोडं पाणी द्या.

राखी: घ्या. आता सांगा काका. बिननवऱ्याच्या हातची थैली खांद्यावर घेऊन तुम्ही बोहल्यावर चढले. काय कमी पडलं तुम्हाले? काकी हाय, तीन पोरं हायेत, लेकीचं लग्न हाय.

रूपसिंग: मले ठाऊक नव्हतं ना.

राखी: म्हणजे ठाऊक नसलं का हात चांगला, ठाऊक झालं का हात वाईट? तुमच्या याडीनं जे केलं तेच तुम्ही आज करून राह्यले. तवा बसंतीबाईचं नाव, आता बेबीताईचं. काम आमचं, अन् वाहवा आयकत आम्ही मांगच्या खोलीत पीठ मळाचं.

रूपसिंग: मंग काय म्हणनं हाय तुह्यं? स्पष्ट सांग.

राखी: स्पष्टच सांगतो. नाव उसवणार नाही. तोरण लावाचं असन तं नावासंगं लागन, अन् मी स्वतः येऊन लावीन, सगळ्याइच्या समोर. नाही तं तोरण इथंच राहन. बाजारातून प्लास्टिकचा झेंडू आणून लावा दाराले. मी रंजिताची माफी मागीन, पण चोरून नाही देणार.

रूपसिंग: भाभी, आता तरी सांगा हिले.

जमनी: काय सांगू? मी चोवीस वर्सं गप बसली, तं तुले तुह्या घराची पुण्याई कोनाची हाय हे समजलं नाही. हिनं गप बसू नये.

रूपसिंग: देवसिंगदादा उठून जाईन. सख्खा भाऊ हाय माह्या.

जमनी: तो तुह्या प्रश्न हाय. माह्याही नवरा तुह्या दादाच होता.

रूपसिंग: ...येतो मी.

राखी: तोरणाचं काय, काका?

रूपसिंग: येतो म्हटलं ना. मले घरी जाऊन पेटी उघडू दे.

(बुधवार, सकाळ. रूपसिंगच्या दारात मंडपाची घाई.)

रूपसिंग: आल्या का? राखी, या स्टुलावर चढ. डगमगते थोडं, मी धरतो. मंडपवाले, तुम्ही बाजूले व्हा जरासे.

राखी: काका, पहिले पलटवून पाहून घ्या. मांगून कटकट नको. नाव तसंच हाय.

रूपसिंग: पाह्यलं. इथं तं दोन नावं हायेत.

राखी: हाव. काल एक वाढवलं. आरसे कुठे कसे बसवाचे हे याडीनंच शिकवलं मले. त्याइचंही नाव पाह्यजे.

जमनी: मी नको म्हटलं होतं. आयकते का ते?

राखी: देवसिंगकाका नाही दिसून राह्यले.

रूपसिंग: गेला. सकाळच्या पहिल्या गाडीनं, बायको-पोराइले घेऊन, बोरी अरबले साडूकडे.

राखी: तोरणामुळं?

रूपसिंग: थैलीमुळं. काल सांजेले तांड्याच्या बैठकीत मी थैली नेली अन् उलटी करून सगळ्याइच्या हातात दिली. म्हटलं, हे कापड ओळखा. म्हाताऱ्या माणसाइनं लगेच ओळखलं. मंग सांगतलं कोनी केली ते. देवसिंगदादा म्हणे, मेलेल्या याडीची अब्रू काढतो का? म्हटलं, अब्रू नाही काढून राह्यलो, ज्याचं काम त्याचं नाव घेऊन राह्यलो. तो उठला, चप्पल घातली अन् गेला.

जमनी: बाकीचे?

रूपसिंग: दोघं-तिघं त्याच्यामांगं उठले. बाकीचे बसले. मंग बेबीताई उभी राह्यली अन् नवऱ्यासमोर म्हणे, माह्यं नाव मले न विचारता कोनी दुसऱ्याच्या कामावर टाकाचं नाही.

राखी: बेबीताई? बैठकीत?

रूपसिंग: हाव. तिचा नवरा खालीच पाहत होता.

जमनी: तुले वाईट वाटून राह्यलं का रे, भावाचं?

रूपसिंग: वाटून राह्यलं भाभी. खोटं कायले बोलू? पोरीच्या लग्नात काका नाही. नवरदेवाकडचे, मुकुटबनचे पाहुणे विचारतीन, नायक कुठे हाय.

जमनी: काय सांगशीन?

रूपसिंग: जे झालं ते सांगीन. त्याइचं मन झालं तं बसतीन, नाही तं त्याइची मर्जी. रंजिता म्हणे, ज्या घराले तोरणाचं वावडं हाय ते घर मले आजच समजलेलं बरं.

राखी: तिनं म्हटलं असं? आता खिळा द्या. तो नाही, मोठा. काका, सरळ लागलं का? डाव्या अंगाले खाली वाटते मले.

रूपसिंग: बरोबर हाय. उतर आता. झालं... लय चांगलं दिसून राह्यलं.

राखी: याडी, तुम्ही कुठे चालल्या?

जमनी: मांगं. पीठ मळाले माणूस कमी असन.

रूपसिंग: पीठ मळाले आचारी सांगतले हायेत. भाभी, सतरंजीवर बसा. पहिल्या रांगेत.

जमनी: पहिल्या रांगेत काय काम माह्यं? पाहत राहतीन बाया.

राखी: पाहू द्या. मीही बसून राह्यली. या, माह्याजवळ या.

जमनी: सरक मंग थोडी. मले तिथून नवरदेव नाही दिसत.