बागेचा इतिहास आणि माझे दोन शब्द

...तर बागेतलं ते तळं मुळात तळं नव्हतंच म्हणे, दगडाची खाण होती. आता तुम्हीच सांगा, ज्याची बायको रुसून भावाकडे जाऊन बसलीय, त्याला खाणीचं काय करायचंय? मला फक्त ‘घरी चल’ म्हणायचं होतं हो, दोन शब्द.

‘तुम्ही माझं कधी ऐकूनच घेत नाही,’ म्हणून ती गेलेली. मीच फोन केला, म्हटलं, जुन्या बागेत ये, लग्नाआधी भेटायचो तिथे, बँडस्टँडपाशी. आली. सोबत थोरला भाऊ. पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेला, आणि बागेचा इतिहास तोंडपाठ.

मी आपलं सुरू केलं, “अगं, मी काय म्हणतो...”

“जावईबापू, आधी हे कुंपण बघा. पूर्वी आत फक्त बड्या लोकांना प्रवेश. बाकीच्यांनी गजांतून बघायचं. मग एक दिवस लोक चिडले आणि गजच उपटले. म्हणून आज आपण आत आहोत.”

मनात म्हटलं, गज राहिले असते तर बरं झालं असतं, निदान तुम्ही बाहेर असता. मला फक्त ‘घरी चल’ म्हणायचं होतं हो...

मग पुतळा. धड एका महापौराचं, डोकं दुसऱ्याचं. नवे महापौर आले, तिजोरीत खडखडाट, मग नुसतं डोकंच बदललं. मग काचघर. मग कारंजं, आणि पाणी म्हणजे तर दादांचं स्वतःचंच खातं. “पंप नाही हं याला, नुसत्या उतारावर उडतं. वाका, पाइप दिसेल.” वाकलो. वारा फिरला, डोक्यापासून कमरेपर्यंत न्हालो. तरी हूं की चूं केलं नाही, कारण ती बघत होती ना. भाऊ तो तिचा, भांडलो असतो तर जन्मभर भावाकडेच राहिली असती.

शेवटी तीच बाकावरून उठली, पर्स खांद्याला लावली.

“दादा, तू जा आता. आणि तुम्ही चला घरी.”

माझे दोन शब्द, तेही तिनेच म्हटले. मी गारच. म्हटलं, “राग गेला?”

“मघापासून बघतेय. दादाचं सगळं निमूट ऐकलंत, एकदाही मध्ये तोडलं नाहीत. ऐकता येतं तुम्हाला.”

तुम्हाला सांगतो, घरी आलो, अंग पुसलं, तिनं समोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बसा. लग्न ठरलं तिथपासून सांगते.”

ही कालची गोष्ट. तिच्या सांगण्यात लग्नाचं पहिलं वर्ष अजून संपलेलं नाही.